बिलावर लिहिता येईल तेवढंच

प्रिय भाच्यास,



ताईने फोनवर सांगितलं की भिवंडीत अंजूरफाट्याजवळचा गाळा तू नक्की केलास. लॅपटॉप आला, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, वाचायचं किट आलं, पाटीचा मजकूरही ठरला. त्यापाठोपाठ तुझा निरोप आला: "मामा, गाडीची ताकद वाढवून द्यायची, गिऱ्हाईक खूश ठेवायचं, यात कोणाचं काय बिघडतं?" प्रश्न सरळ आहे आणि तू तो पाटी लावण्याआधी विचारलास, याचा मला फार आनंद झाला. उत्तर मात्र फोनवर मावणारं नाही, म्हणून पत्र लिहायला बसलो.

आधीच सांगतो, मी या कामाच्या विरोधात नाही. डिझेलचा फवारा जुळवणं ही खरी विद्या आहे आणि माझा संसार तिच्यावरच उभा राहिला. आमच्या काळी हे काम पंपखोलीत चालायचं. ट्रकचा पंप उतरवायचा, टेस्ट बेंचवर चढवायचा, ठरलेल्या आरपीएमला फिरवायचा आणि प्रत्येक एलिमेंटमधून किती डिझेल पडतं ते काचेच्या नळ्यांत मोजायचं. सगळ्या नळ्यांतली पातळी सारखी आली की पंप जुळला. नोझल हाताच्या टेस्टरवर दाबून बघायचा. फवारा बारीक आणि चहूबाजूंनी सारखा हवा, टोकाला थेंब लोंबता कामा नये. एखाद्याला जादा ताकद हवी असली की तो पंपाचं सील तोडून फुल लोडचा स्क्रू फिरवायला सांगायचा. डिझेल वाढायचं, गाडी ओढायची आणि मागून काळा धूर निघायचा. कोणी काय केलंय ते कल्याण नाक्यापासून वंजारपट्टीपर्यंत सगळ्या रस्त्याला दिसायचं.

तुझ्या हातात स्क्रू नाही, आकड्यांचे तक्ते आहेत. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ ही कॉमन रेलची, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामायिक नळीतून दाबाखालचं डिझेल देणारी, पहिली मोटार बाजारात आली आणि तिथून पंपाचं काम बदललं. तो आता फक्त दाब तयार करतो. आमच्या नोझल दोनशे बारच्या आसपास उघडायच्या, तुझ्या रेलमध्ये १६०० ते २००० बार दाब असतो. इंजेक्टर कधी उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा हे ईसीयू ठरवतो. तो कॉइलला बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्टचा झटका देतो, इंजेक्टरमधला चिमुकला व्हॉल्व्ह उचलला जातो, सुईच्या डोक्यावरचा दाब उतरतो आणि खालचा दाब सुईला वर ढकलतो. २००० आरपीएमला क्रँकला एक अंश फिरायला सुमारे ८३ मायक्रोसेकंद लागतात. त्या हिशेबात आधी एक-दोन घनमिलिमीटरचा छोटा फवारा, मग मुख्य, मग गरज असेल तर मागाहून आणखी एक. असे इंजेक्टर आपल्या शेजारीच, नाशिकच्या सातपूरला बॉशच्या कारखान्यात बनतात. जुने नाशिककर त्याला अजून मायकोच म्हणतात. कधी इंजेक्टर खोललास तर त्यातल्या सुईचं फिनिशिंग भिंगाखाली बघ. हातात काय आलंय याची जाणीव झाल्याशिवाय त्याचे आकडे बदलायला बसू नकोस.

आता तुझ्या धंद्याच्या दोन वाटा. बाजारात जो "चिप" नावाचा डबा मिळतो, तो बहुतेक वेळा रेलच्या प्रेशर सेन्सरच्या वायरीत बसतो. सेन्सर जेवढे व्होल्ट पाठवतो त्यापेक्षा थोडे कमी तो पुढे सोडतो. ईसीयूला वाटतं दाब कमी पडलाय, म्हणून तो दाब वाढवतो. सुई पूर्वीइतकाच वेळ उघडते, पण डिझेल जास्त जातं. गाडी झेपावते आणि गिऱ्हाईक पाच मिनिटांत पैसे काढतं. पण लक्षात घे, त्या क्षणापासून ईसीयूचा प्रत्येक हिशेब चुकलेला असतो. किती डिझेल गेलं, किती टॉर्क तयार झाला, धुराची हद्द आली की नाही, फिल्टरमध्ये किती काजळी साठली, सगळं तो खोट्या माहितीवर ठरवत राहतो. हा डबा तू विकू नयेस, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी वाट रिमॅपची. ईसीयूमधली फाइल वाचायची, तक्ते उघडायचे, बदलायचे आणि परत लिहायचे. इथे ईसीयूला फसवायचं नसतं, त्याला नवा हुकूम द्यायचा असतो. म्हणून ही वाट जास्त शहाणपणाची आहे आणि तिच्यात जबाबदारीही जास्त आहे. त्या फाइलमध्ये तुला एक तक्ता सापडेल: इतकी हवा आत आली असेल तर जास्तीत जास्त इतकंच डिझेल. ही धुराची हद्द. एक किलो डिझेल पुरतं जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, पण फवारा सिलिंडरभर सारखा पसरत नाही, म्हणून डिझेल इंजिनला प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त हवा द्यावी लागते. ती दिली नाही तर उरलेल्या डिझेलची काजळी होते. नवे ट्यूनर पहिल्या झटक्यात हाच तक्ता वर सरकवतात, कारण त्याने पिकअप लगेच कळतो. तू या तक्त्याला हात लावण्याआधी हवा मोज. टर्बो किती देतो, होज कुठे फुटलाय, एअर फिल्टर चोंदलाय का, हे तपासून झालं की बहुतेक गाड्यांत तक्ता बदलायची गरजच उरत नाही.

कारखान्याने थोडी ताकद राखून ठेवलेली असते हे खरं आहे. ती का राखली हे मात्र तुला भिवंडीतच कळेल. इथे भरलेली गाडी आसनगाव, शहापूर, खर्डी करत कसाऱ्याच्या पायथ्याला जाते आणि जुन्या रस्त्याने घाट चढून इगतपुरीला पोचते. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, तिथे हवा पातळ होते. त्याच घाटात रेल्वेला ३७ फुटांत एक फूट चढ चढावा लागतो आणि आगगाडीला मागून रेटायला बँकर इंजिनं लावावी लागतात. ट्रकला मागून रेटणारं कोणी नाही. मे महिन्याच्या उन्हात, खालच्या गिअरमध्ये, पूर्ण लोडवर ते इंजिन बराच वेळ तापत राहतं. गाळ्यासमोर दोन मिनिटांच्या चाचणीत जो आकडा सुरेख दिसतो, तोच घाटात एक्झॉस्टचं तापमान टर्बोला सोसवणार नाही इतकं चढवतो. मग टर्बाइनच्या पात्या जातात, हेड गॅस्केट जातं, पिस्टनचा माथा वितळतो. क्लच प्लेटसुद्धा वाढलेल्या टॉर्कचा हिशेब चुकता करतेच. राखून ठेवलेली ताकद ही घाटासाठी ठेवलेली असते.

तुझ्याकडे येणार कोण, तेही बघ. छोट्या हत्तीवाले, पिकअपवाले, दहा चाकी ट्रकवाले, माणकोली-दापोडा-वळ-पूर्णा या पट्ट्यातल्या गोदामांतून माल उचलणारे कंटेनरवाले. यांच्यात शर्यतीचा शौकीन क्वचितच. बहुतेकांच्या डोक्यावर बँकेचा हप्ता आहे, डिझेलचा भाव त्यांच्या हातात नाही आणि भाडं वाढवून मागायची सोय नाही. ते तुला तीन गोष्टी मागतील: ॲव्हरेज वाढव, डीपीएफ काढ, युरिया बंद कर. त्यांना लोभी समजू नकोस, त्यांची अडचण खरी आहे. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजेच डीपीएफ, असतो. तो साठलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी आत सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि गाडी बराच वेळ एका लयीत पळावी लागते. आपल्याकडे गाडी गोदामाच्या फाटकावर तासन्‌तास उभी, मग राजनोलीच्या कोंडीत रांगत, मग पुन्हा दुसऱ्या फाटकावर उभी. फिल्टर कधी तापायचा? तो चोंदतो, दिवा लागतो, ताकद तुटते, खेप बुडते. चालक वैतागतो आणि कुणीतरी त्याला सांगतं, अमक्या गाळ्यावर जा, तासाभरात काढून देतो.

तिथेच तुझी खरी विद्या कामाला येते. फिल्टर वेळेआधी चोंदला तर दोष बहुधा फिल्टरच्या आधीच कुठेतरी असतो. इंजेक्टर ठिबकतोय, टर्बोचा होज फुटलाय, ईजीआरचा व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, किंवा ज्या तेलातून राख जास्त पडते ते ऑइल कोणीतरी घातलंय. तो दोष शोध. इंजेक्टरचं परतीचं डिझेल बाटल्यांत मोज, कुठला जास्त सोडतोय ते उघड दिसेल. नवा इंजेक्टर बसवलास तर त्याच्या डोक्यावरचा कोड ईसीयूत भर. कित्येक गाळ्यांवर हे एवढंसं काम टाळतात आणि मग इंजिन खडखडतं म्हणून मालक चार ठिकाणी फिरतो. स्कॅनरने फिल्टर जबरदस्तीने जाळून साफ करता येतो, उतरवून यंत्रावरही साफ करता येतो. आणि चालकाला सांग की जमेल तेव्हा गाडी मोकळ्या रस्त्याला काढ. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा उघडला, तेव्हापासून मोकळा रस्ता भिवंडी तालुक्याच्या दारात आला आहे. एका लयीतली एक फेरी त्या फिल्टरसाठी औषध आहे.

युरियाचंही तसंच. धुरात फवारायचं ते युरियाचं पाणी नुसतं खर्चाचं कलम वाटतं, पण त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो आणि धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा निरुपद्रवी नायट्रोजन करणं हे त्याचं काम. शेतीचा युरिया पाण्यात कालवून टाकणारे लोक आहेत, त्याने नोझलवर खडे धरतात आणि महागडा कॅटॅलिस्ट कायमचा मरतो. त्याच्यापुढची पायरी म्हणजे एम्युलेटर. तो गाडीच्या वायरिंगवर बसून ईसीयूला सांगत राहतो की युरिया नीट फवारला जातोय. टाकी कोरडी असते आणि गाडी धावत असते.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो, यात कोणाचं काय बिघडतं. आमच्या स्क्रूचा धूर काळा होता, तो दिसायचा आणि लोक नाक दाबून शिव्या घालायचे. तू फाइलमध्ये जे बदलशील त्यातलं बरंचसं दिसणार नाही. नायट्रोजनच्या ऑक्साइडांना रस्त्यावर कोणी बघू शकत नाही. इंजेक्शन थोडं आधी घेतलं की ॲव्हरेज सुधारतं आणि धूरही कमी दिसतो, पण ज्वलन तापतं आणि हेच ऑक्साइड वाढतात. आपल्याकडे पीयूसीच्या मशीनवर डिझेल गाडीचा फक्त धुराचा दाटपणा मोजतात. म्हणजे तुझी गाडी पीयूसी सहज पास होईल आणि तरीही कायद्याच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे असेल. बीएस-४ मध्ये डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडांची मुभा होती, बीएस-६ मध्ये ती ८० वर आली. काजळीच्या कणांची मर्यादा २५ वरून ४.५ मिलिग्रॅमवर आली. एवढी मोठी घट ज्या फिल्टरच्या, ज्या युरियाच्या आणि ज्या तक्त्यांच्या बळावर झाली, तेच तुझ्या लॅपटॉपवर एका टिकमार्कने बंद होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. तो धूर श्वासात घेणारे लोक तुला माहीत आहेत. गोदामाच्या धक्क्यावर दिवसभर माल चढवणारे हमाल, दारं सताड उघडी टाकून मागावर उभे राहणारे कारागीर, हायवेच्या कडेने शाळेत चालत जाणारी पोरं. त्यांतलं कोणीही तुझ्या गाळ्यावर तक्रार घेऊन येणार नाही, कारण आपल्याला काय होतंय आणि कशाने होतंय हे त्यांना कळायचा मार्गच नाही.

फाइलमधला न दिसणारा बदल किती दूर जातो, हे जगाने एकदा पाहिलं आहे. १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवागनला नोटीस दिली. त्यांच्या डिझेल मोटारी प्रयोगशाळेत चाचणी चालू आहे हे ओळखायच्या आणि तेवढ्यापुरत्या स्वच्छ वागायच्या. रस्त्यावर त्या मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत ऑक्साइड सोडायच्या. तिथे एकही जादा नट लावलेला नव्हता, जे होतं ते ईसीयूतल्या तक्त्यांत. ते उघडकीला आणलं वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या छोट्याशा गटाने, गाडीच्या मागे मोजमापाची यंत्रं बांधून आणि ती खऱ्या रस्त्यावर पळवून. त्या गटात आपल्या देशातून शिकायला गेलेली पोरं होती. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने चाचण्या घेतल्या आणि त्या वर्षअखेरीस कंपनीने इथल्या ३,२३,७०० गाड्या परत बोलावण्याचं जाहीर केलं. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड सुनावला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. हे मोठ्या कंपनीचं झालं. पण छोटे गाळे मिळूनही मोठी कंपनी होते. अमेरिकेच्या त्याच संस्थेने २०२० मध्ये अंदाज काढला की दशकभरात तिथल्या साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप ट्रकांची प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकली गेली. ते सगळं काम तुझ्यासारख्याच हुशार पोरांनी, तुझ्यासारख्याच लॅपटॉपवर केलं.

कायदाही माहीत असू दे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कारखान्याने दिलेली आणि नोंदणीत असलेली वैशिष्ट्यं मालकाला मनाने बदलता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. यात "मालकाला" हा शब्द आहे. पैसे तू घेणार आणि पासिंगला, अपघातानंतर विम्याच्या दाव्यात किंवा वॉरंटीच्या काउंटरवर उभा राहणार तो टेम्पोवाला. ज्याने तुझ्यावर भरवसा टाकला त्याला अशा जागी उभं करायचं नाही.

म्हणजे ताकदीचं वेड सोडून देऊ का, असं तू विचारशील. मुळीच सोडू नकोस. २००६ मध्ये ल मां इथली चोवीस तासांची शर्यत पहिल्यांदा डिझेल गाडीने जिंकली. ऑडीची आर१० टीडीआय, साडेपाच लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन, साडेसहाशे अश्वशक्तीच्या वर. आणि त्या गाडीला काजळीचे फिल्टर बसवलेले होते. ज्यांना एकेक सेकंद मोलाचा होता त्यांनीसुद्धा फिल्टर ठेवून ताकद काढली. डिझेलच्या ट्यूनिंगमधली उंची गाठायची असेल तर ती तिथे आहे. रस्त्यावर न येणारी, ट्रेलरवर चढवून शर्यतीला जाणारी गाडी तुझ्याकडे आली तर मन लावून कर. तक्ते बदल, एक्झॉस्टचं तापमान मोज, रात्रभर बस. नाशिकच्या रॅलींनी मराठी मुलांना हे वेड पूर्वीपासून लावलंय. रस्त्यावरच्या गाडीत मात्र तुझं काम हरवलेली ताकद शोधून देण्याचं. पिकअप गेला म्हणून येणाऱ्या बहुतेक गाड्यांची ताकद मूळची कमी नसते, ती कुठेतरी गळत असते. ती शोधून दिलीस की ॲव्हरेजही परत येतं, आणि मालक दुसऱ्या गाडीसाठीही तुझंच दार ठोठावतो.

शेवटी तुला एकच नियम देतो, माझ्या सगळ्या धंद्यातून निघालेला. बिलावर लिहिता येईल तेवढंच काम कर. डीपीएफ काढून देणाऱ्या गाळ्यांची बिलं बघ, त्यावर "सर्व्हिसिंग" एवढंच लिहिलेलं असतं, किंवा बिलच नसतं. जे काम केलं म्हणून लिहायला हात अडखळतो, त्यात कोणाचं तरी बिघडत असतं, मग त्याचं नाव आपल्याला माहीत असो वा नसो. तू प्रत्येक गाडीची मूळ फाइल जपून ठेव. काम करण्याआधी रेलचा दाब, परतीचं डिझेल, बूस्ट, आलेले कोड, सगळं कागदावर उतरव. काम झाल्यावर तेच पुन्हा मोज आणि दोन्ही आकडे बिलाला जोडून मालकाच्या हातात दे. काय दुरुस्त केलं आणि काय मुद्दाम तसंच ठेवलं, हेही लिही. सुरुवातीला शेजारचा गाळा तुझ्याहून जास्त गाड्या घेईल, हे मी तुला आधीच सांगून ठेवतो. तो काळ निभावण्यापुरती माझी मदत धरून चाल, ताईला यातलं काही सांगू नकोस. पंपखोलीतला माझा जुना नोझल टेस्टर आणि मोजायच्या नळ्या मी तुझ्यासाठी काढून ठेवल्या आहेत, घेऊन जा. बिलबुकही मीच छापून देतो. त्यात आधीच्या आणि नंतरच्या मोजमापांसाठी दोन रकाने असतील, आणि खाली तुझी सही.

तुझा,
मामा